प्रतिसरकार, साताऱ्याचे

‘छोडो भारत’ आंदोलनातून तत्कालीन सातारा जिल्ह्यात निर्माण झालेली आणि १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश प्रशासनास डावलून गावोगावी प्रत्यक्ष कारभार करणारी समांतर शासनसंस्था. ‘पत्री सरकार’ या लोकरूढ नावानेही ती ओळखली जाते. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सातारा जिल्ह्याबरोबरच सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर इ. भागांचा समावेश होत असे. १९४९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव देण्यात आले. प्रतिसरकारचा इतिहास त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक इतिहास आहे.

१९४२ च्या आंदोलनात देशाच्या इतर काही भागांतही अशी सरकारे स्थापन झाली. तथापि त्यांपैकी साताऱ्याचे प्रतिसरकार सर्वांत अधिक काळ टिकले. या टिकाऊपणाचे कारण केवळ शस्त्रबळात किंवा भूमिगतांच्या साहसात सापडत नाही. तारा तोडणे, कचेऱ्या जाळणे यांसारख्या विध्वंसक कार्यक्रमांवर न थांबता तंट्यांचा निवाडा, चोर-दरोडेखोरांपासून संरक्षण आणि धान्याची रास्त वाटणी ही शासनाची नित्याची कामे त्याने हाती घेतली. ती कामे होतात असा अनुभव आल्यामुळे गावांनी त्याला सरकार म्हणून मान्यता दिली. लिखित कायदा, अपील आणि निवडणूक यांच्या अभावी या सत्तेला पडलेल्या मर्यादाही तितक्याच लक्षणीय आहेत.

पार्श्वभूमी : मराठी सत्तेच्या अस्तानंतर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह यांची स्थापना केली, परंतु १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये दत्तकाचा वारसा नाकारून संस्थान खालसा केले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे निष्फळ खटपट केली. सत्ता अन्यायाने गेली, ही भावना या प्रदेशात पुढे दीर्घकाळ टिकून राहिली.

तथापि प्रतिसरकारची मुळे राजनिष्ठेपेक्षा शेतकऱ्यांच्या चळवळीत अधिक खोलवर रुजलेली आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार विसाव्या शतकाच्या प्रारंभी जलशांच्या द्वारा सातारा जिल्ह्यातील खेड्यांत पसरला. सावकार, कुलकर्णी आणि जमीनदार यांच्या वर्चस्वाविरुद्ध शेतकरी बोलू लागला व १९१९–२१ च्या सुमारास काही भागांत कुळांनी जमीनमालकांविरुद्ध उठावही केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेमुळे बहुजन समाजातील मुलांना शिक्षणाची वाट खुली झाली. १९३० नंतर ब्राह्मणेतर चळवळीतील तरुण मोठ्या संख्येने काँग्रेसमध्ये आले. त्याच वर्षी शिराळा भागातील बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाला. येडेमच्छिंद्र (ता. वाळवा) येथील नाना पाटील (१९००–७६) यांनी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली, तीही याच सुमारास. सत्यशोधकांची सामाजिक जाणीव आणि काँग्रेसचे राजकीय ध्येय यांचा असा संगम झाल्यामुळे साताऱ्यातील स्वातंत्र्यलढा शहरी मध्यमवर्गापुरता मर्यादित राहिला नाही.

जिल्ह्याची प्रादेशिक रचनाही चळवळीस अनुकूल होती. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा, मध्यभागी कृष्णा, कोयना, वारणा व येरळा या नद्यांची खोरी आणि त्यांतील उसाची व जोंधळ्याची उंच पिके यांमुळे लपण्यास जागा भरपूर होत्या. शिवाय औंध, फलटण, सांगली, मिरज, जत इ. संस्थानांचे मुलूख ब्रिटिश हद्दीत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. एका गावाची शीव ओलांडली की पोलिसांचा अधिकार बदलत असे आणि भूमिगतांना याचा फार उपयोग झाला.

या संस्थानांपैकी औंधचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नाने व महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली राज्यघटना १९३९ मध्ये लागू करून प्रजेस स्वराज्य दिले. ७२ गावांच्या या लहान संस्थानात गावाने निवडलेल्या पंचायतीकडे कारभाराचे आणि न्यायाचेही अधिकार सोपविण्यात आले. पुढे प्रतिसरकारचे मोठे केंद्र बनलेले कुंडल हे गाव औंध संस्थानातीलच होय. गावच्या पंचांनी निवाडा करावा, ही कल्पना या भागातील लोकांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. जुन्या गोतसभांची व गावपंचायतींची स्मृती आणि औंधमधील ताजा प्रयोग ही दोन्ही त्यांच्यासमोर होती.

मोर्चे आणि गोळीबार : ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबई येथे ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला व दुसऱ्या दिवशी पहाटे राष्ट्रीय नेत्यांना अटक झाली. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर शांततामय मोर्चे नेण्याचा कार्यक्रम आखला. कचेरीवर तिरंगा फडकवावयाचा व मामलेदाराने स्वतंत्र भारताची सत्ता मान्य करावी अशी मागणी करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. ऑगस्टच्या अखेरीस कराड येथे व सप्टेंबरच्या प्रारंभी तासगाव येथे निघालेल्या मोर्चांत हजारो शेतकरी सहभागी झाले. तासगावच्या कचेरीवर तिरंगा फडकला. मात्र ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे आणि १० सप्टेंबर रोजी इस्लामपूर येथे पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला. वडूज येथे परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण जागीच हुतात्मे झाले. इस्लामपूर येथेही प्राणहानी झाली.

निःशस्त्र जमावावरील या गोळीबाराने चळवळीचे वळण बदलले. उघड मोर्च्यांचा मार्ग बंद झाला आणि अटक टाळून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे भूमिगत गट तयार झाले. नाना पाटील, किसन वीर, यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, नाथाजी लाड, गणपती दादा तथा जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, पांडू मास्तर, धोंडिराम माळी, बाबूजी पाटणकर इ. कार्यकर्ते त्यांत होते. समाजवादी नेते अच्युत पटवर्धन यांचेही मार्गदर्शन या भागास लाभले. प्रारंभीच्या महिन्यांत टेलिफोन-तारा तोडणे, रेल्वेवाहतुकीत अडथळे आणणे, सरकारी बंगले व गावचावडीतील दप्तर जाळणे असे कार्यक्रम झाले. यशवंतराव चव्हाण १९४३ मध्ये पकडले गेले. वसंतदादा पाटील यांना अटक होऊन सांगलीच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी सहकाऱ्यांसह तुरुंग फोडला. पाठलागात पोलिसांच्या गोळीने ते जखमी झाले व पुन्हा पकडले गेले, तर अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना प्राण गमवावे लागले.

प्रतिसरकारची स्थापना : घातपाताच्या कार्यक्रमास लवकरच मर्यादा पडल्या. एखादी कचेरी जळाल्याने खेड्यातील माणसाच्या जीवनात काही पालट होत नव्हता. उलट सामुदायिक दंड आणि पोलिसांचा छळ मात्र त्याला सोसावा लागे. त्यातच ब्रिटिश यंत्रणेचा वचक कमी होताच चोर आणि दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्या व त्यांतील काही भूमिगतांच्या नावाने गावे लुटू लागल्या. महायुद्धामुळे धान्याची टंचाई व महागाई वाढली होती आणि साठेबाजी करणाऱ्या व्यापाऱ्यांचे फावले होते. पोलीस हे क्रांतिकारकांच्या शोधात गुंतलेले असल्याने सामान्य माणसाला संरक्षण उरले नव्हते.

या परिस्थितीतून भूमिगत कार्यकर्ते एका महत्त्वाच्या निर्णयाप्रत आले. परकी सत्ता मोडावयाची तर तिच्या जागी दुसरी सत्ता उभी राहिली पाहिजे, अन्यथा अराजक माजेल आणि लोक पुन्हा जुन्याच सत्तेकडे आसरा मागतील, असा त्यामागील विचार होता. १९४३ च्या मध्यास कार्यकर्त्यांच्या बैठकांतून प्रतिसरकारच्या कार्यास निश्चित स्वरूप आले आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त हे त्याचे पहिले मोठे काम ठरले. टोळ्यांच्या म्होरक्यांना पकडून शिक्षा करण्यात आल्या, चोरीचा माल मूळ मालकास परत देण्यात आला. गावकऱ्यांचा विश्वास या सरकारने प्रथम संपादन केला तो या कामामुळे.

रचना : प्रतिसरकारची घटना लिखित नव्हती व त्याची राजधानीही नव्हती. जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांत कार्यकर्त्यांचे गट होते. कुंडल व वाळवा ही त्यांतील प्रमुख केंद्रे असून प्रत्येक गटाकडे आसपासची काही गावे असत. गटप्रमुख वेळोवेळी एकत्र जमून धोरण ठरवीत. रोजचे निर्णय मात्र स्थानिक पातळीवर होत. नाना पाटील हे या सर्वांचे सर्वमान्य पुढारी होते. रांगड्या ग्रामीण बोलीतील त्यांची भाषणे आणि वर्षानुवर्षे पायी फिरून खेड्यांशी जोडलेले नाते यांमुळे गटागटांतील मतभेद त्यांच्या शब्दाने मिटत. जनतेने त्यांना ‘क्रांतिसिंह’ ही पदवी दिली.

गावपातळीवर पंचांची समिती असे. गावसभेत लोकांच्या संमतीने सामान्यतः पाच पंच निवडले जात. तंटे सोडविणे, गावाच्या रक्षणासाठी तरुणांचे पथक ठेवणे, भूमिगतांच्या भाकरीची व निवाऱ्याची सोय करणे आणि बातम्या पोहोचविणे ही त्यांची कामे असत. सरकारी पाटील, तलाठी व पोलीस यांना नोकरी सोडण्याचे किंवा निदान चळवळीच्या आड न येण्याचे आवाहन केले जाई. अनेक गावांत पाटील दिवसा ब्रिटिश सरकारचा आणि रात्री प्रतिसरकारचा, अशी स्थिती होती. प्रभावाखालील गावांची संख्या सर्वकाळ सारखी नव्हती. ज्या गावांत पंचसमित्या नियमितपणे काम करीत, त्यांखेरीज केवळ अधूनमधून निवाड्यासाठी प्रतिसरकारकडे धाव घेणारी गावेही पुष्कळ होती. त्यामुळे निरनिराळ्या लेखकांनी दिलेल्या गावांच्या आकड्यांत मोठी तफावत आढळते.

न्यायदान : प्रतिसरकारचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे न्यायदान मंडळे होत. ब्रिटिश न्यायालयात दावा लावणे शेतकऱ्याच्या दृष्टीने खर्चाचे व विलंबाचे असे. तालुक्याच्या गावी खेटे, वकिलाची फी, कागदपत्रांची भाषा आणि वर्षानुवर्षांच्या तारखा यांपायी तंट्याची जमीनच गहाण पडे. न्यायदान मंडळ गावातच बसे. वादी-प्रतिवादी व साक्षीदार शेजारीपाजारीच असल्याने खोटी साक्ष टिकणे अवघड होई आणि निकाल बहुधा एकाच बैठकीत लागे. बांधांचे व वाटण्यांचे वाद, सावकारी कर्जाचे व्यवहार, मजुरीचे प्रश्न, टाकून दिलेल्या स्त्रियांच्या पोटगीच्या तक्रारी अशी अनेक प्रकारची प्रकरणे मंडळापुढे येत. सावकाराने अन्यायाने बळकावलेल्या जमिनी काही ठिकाणी मूळ मालकांना परत मिळाल्या. दोन्ही पक्षांत समेट घडवून आणण्यावर भर असे व त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे मिटल्याचीही उदाहरणे आहेत.

गुन्ह्यांसाठी दंड, गावासमोर निर्भर्त्सना, बहिष्कार व शारीरिक शिक्षा दिल्या जात. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, स्त्रियांवर अत्याचार करणारे आणि पिळवणूक करणारे सावकार यांना कठोर शिक्षा होई. अपराध्याचे पाय बांधून तळपायांवर काठीने मारणे, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शिक्षा. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकतात, त्यावरून या शिक्षेस ‘पत्री मारणे’ असे म्हटले जाऊ लागले व ‘प्रति’ या शब्दाशी असलेल्या उच्चारसाम्यामुळे ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. माणसांच्या पायांना खरोखरच पत्रे ठोकले जातात, अशी समजूत त्यामुळे सर्वत्र पसरली. विरोधकांनी चळवळीची बदनामी करण्यासाठी या नावाचा उपयोग केला. गुंडांना मात्र त्याचा धाक बसला आणि सामान्य लोकांनी ते नाव आपुलकीने स्वीकारले.

तुफान दल व अर्थव्यवस्था : निवाड्यांची अंमलबजावणी आणि संरक्षण यांसाठी तरुणांची संघटना उभारण्यात आली. ‘तुफान दल’ किंवा ‘तुफान सेना’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. कुंडल येथे तिचे प्रशिक्षण केंद्र होते. जी. डी. लाड व कॅप्टन रामचंद्र लाड हे तिचे प्रमुख होत. कवायत, लाठी, निरोप पोहोचविणे यांबरोबर शस्त्रांचे शिक्षणही काही जणांना दिले जाई. सातारा हा सैन्यभरतीचा जुना प्रदेश असल्याने लष्करी शिस्तीची ओळख खेड्यापाड्यांत होतीच.

या सरकारला जमीनमहसूल किंवा नियमित कर नव्हता. कार्यकर्त्यांच्या जेवणाखाण्याचा भार गावे वाहत. शस्त्रे व संघटनेचा खर्च यांकरिता सरकारी पैसा लुटण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. ७ जून १९४३ रोजी शेणोली स्थानकाजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशातील चिमठाणे येथे सरकारी खजिना नेणाऱ्या गाडीवर छापा घालून सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत करण्यात आले. या कामी धुळे भागातील कार्यकर्त्यांचे साहाय्य झाले. अशा घटना गाजल्या, तरी त्या विरळ होत्या. रोजचे अस्तित्व गावाच्या भाकरीवरच अवलंबून होते. एखाद्या गावाने दार लावून घेतले असते, तर तेथील कार्यकर्त्यांना दुसऱ्या दिवशी उभे राहणे अशक्य झाले असते. ज्याच्याजवळ स्वतःचा खजिना नाही, त्या सरकारला लोकांची मर्जी सांभाळावी लागते. प्रतिसरकारच्या बऱ्याचशा शिस्तीचे मूळ या परावलंबनात आहे.

समाजसुधारणा : लग्नातील उधळपट्टी हे शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचे एक प्रमुख कारण होते. त्यावर उपाय म्हणून हुंडा, मानपान, वाजंत्री व मोठ्या पंगती टाळून, थोडक्या खर्चात ‘गांधी लग्न’ लावण्याची प्रथा प्रतिसरकारने सुरू केली. अशी अनेक लग्ने सामुदायिक रीतीनेही पार पडली. दारूबंदी, अस्पृश्यतानिवारण, ग्रामसफाई, वाचनालये व साक्षरतावर्ग हे कार्यक्रमही गावोगावी झाले. दारू गाळणाऱ्यांवर व जुगाराच्या अड्ड्यांवर कारवाई करण्यात आली. साठेबाजांकडील धान्य बाहेर काढून ते रास्त दराने विकण्याची व्यवस्था काही ठिकाणी करण्यात आली.

स्त्रियांचा सहभाग : भूमिगत चळवळीचा मोठा भार स्त्रियांनी वाहिला. वेळी-अवेळी येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी भाकऱ्या थापणे, त्यांना लपविणे, शस्त्रे व चिठ्ठ्या पोहोचविणे ही कामे असंख्य अनामिक स्त्रियांनी केली. पोलीस झडतीस आले की मारहाणीला प्रथम तोंड द्यावे लागे, तेही त्यांनाच. लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर, राजमती बिरनाळे आणि नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील या प्रत्यक्ष भूमिगत कार्यात सहभागी झाल्या होत्या. तथापि पंचसमित्या व न्यायदान मंडळे यांचे अधिकार मुख्यत्वे पुरुषांच्याच हाती राहिले.

सरकारी दडपशाही : चळवळ मोडून काढण्यासाठी ब्रिटिश शासनाने जादा पोलीस व सशस्त्र तुकड्या आणल्या, गावांवर सामुदायिक दंड बसविले, भूमिगतांना पकडून देणाऱ्यांस बक्षिसे जाहीर केली आणि त्यांच्या घरादारांवर व जमिनींवर जप्ती आणली. नाना पाटील यांना मात्र अखेरपर्यंत पकडता आले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये शिराळा भागात पोलिसांशी झालेल्या चकमकीत वाळव्याचे किसन अहीर आणि तरुणांना शस्त्रशिक्षण देणारे नानकसिंग हे हुतात्मे झाले. महात्मा गांधी मे १९४४ मध्ये कारावासातून मुक्त झाले व त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातील बहुसंख्य कार्यकर्त्यांनी तो मानला नाही. आपण प्रकट झालो, तर ज्या गावांनी आपल्याला आसरा दिला त्यांच्यावर पोलिसांचा सूड उगवेल व गुंड पुन्हा डोके वर काढतील, अशी त्यांना धास्ती होती. गांधीजींविषयी नितांत आदर आणि अहिंसेच्या बंधनाविषयी मतभेद हे दोन्ही या चळवळीत अखेरपर्यंत बरोबरीने नांदले.

विसर्जन : १९४६ मधील निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि भूमिगतांवरील अधिपत्रे मागे घेण्यात आली. सुमारे ४४ महिन्यांच्या अज्ञातवासानंतर नाना पाटील प्रकट झाले. लोकांनी निवडलेले सरकार आल्यावर दुसऱ्या सरकारचे प्रयोजन उरले नाही, या भूमिकेतून प्रतिसरकारचे कार्य थांबविण्यात आले. हाती आलेली सत्ता व शस्त्रे स्वेच्छेने खाली ठेवण्याची ही घटना प्रतिसरकारच्या इतिहासात त्याच्या स्थापनेइतकीच महत्त्वाची आहे. सशस्त्र लढ्यातून निर्माण झालेल्या अनेक संघटनांना, पुढे नागरी सत्ता आल्यानंतरही, आपले शस्त्र टाकणे जमलेले नाही, असे जगाच्या इतर भागांतील अनुभव सांगतो.

इतर समांतर सरकारांशी तुलना : ऑगस्ट १९४२ मध्ये संयुक्त प्रांतातील बलिया येथे चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेले सरकार थोड्याच दिवसांत लष्कराने मोडून काढले. ओरिसातील तालचेर संस्थानातही असा प्रयत्न झाला. बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यात तमलूक येथे १७ डिसेंबर १९४२ रोजी सतीशचंद्र सामंत यांच्या नेतृत्वाखाली ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झाले. वादळाने व दुष्काळाने गांजलेल्या त्या भागात साहाय्यकार्य व न्यायदान करून ते १९४४ पर्यंत टिकले आणि गांधीजींच्या सल्ल्यानंतर विसर्जित झाले. त्या सरकारला खातेनिहाय मंत्री व अधिक बांधीव रचना होती. उलट साताऱ्याची रचना सैल व गटवार होती. एक गट उघडकीस आला तरी इतर गट सुरक्षित राहत, हा या सैलपणाचा लाभ होय. भारताबाहेरील निकटचे उदाहरण आयर्लंडचे आहे. तेथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉल एरन’ या स्वतंत्र विधिमंडळाने पुढील वर्षी स्वतःची न्यायालये सुरू केली व ब्रिटिश न्यायालये ओस पडू लागली. परकी सत्तेचा पाया पोलीस ठाण्याइतकाच न्यायालयातही असतो, हे दोन्हीकडील अनुभवांवरून दिसून येते.

मूल्यमापन : प्रतिसरकारविषयी परस्परविरोधी मते व्यक्त झाली आहेत. काहींनी त्यास स्वातंत्र्यलढ्यातील सर्वांत यशस्वी लोकसत्ता मानले; इतरांनी त्यातील हिंसेवर व दहशतीवर बोट ठेवले. वस्तुस्थितीत या दोन्हींचा अंश आहे. स्वस्त, जलद व गावातच मिळणारा न्याय ही त्याची खरी कामगिरी होती. पण त्या न्यायाला लिखित कायद्याचे बंधन नव्हते, आरोपीस वकील नव्हता आणि निकालाविरुद्ध दाद मागण्याची निश्चित सोय नव्हती. खबऱ्या असल्याच्या संशयावरून शिक्षा देताना चूक झाल्यास ती दुरुस्त होणे कठीण होते. व्यक्तिगत वैर साधण्यासाठी तक्रार केली जाण्याचा धोका कार्यकर्त्यांनाही ठाऊक होता आणि पंच निःस्पृह असले, तरच तो टळे. व्यवस्थेपेक्षा व्यक्तीच्या सचोटीवर उभे असलेले शासन, असे त्याचे वर्णन करता येईल.

दुसरी मर्यादा सामाजिक होती. चळवळीत रामोशी, धनगर, माळी, महार, मांग, जैन, मुसलमान इ. विविध समाजांतील लोक सामील झाले, तरी नेतृत्व प्रामुख्याने मराठा शेतकरी वर्गाकडे राहिले. गावाच्या एकमताने निवाडा, या तत्त्वात गावातील प्रबळ गटाचे मत वरचढ ठरण्याची शक्यता होतीच. सावकारीला आळा बसला. परंतु जमिनीच्या मालकीची विषमता या सरकारच्या कक्षेत आली नाही. भूमिहीनांच्या दृष्टीने त्यामुळे फरक मर्यादितच पडला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगली भागात ब्राह्मणांच्या घरांची मोठ्या प्रमाणावर जाळपोळ झाली. दोनच वर्षांपूर्वी ज्या प्रदेशाने स्वतःची शांतता स्वतः राखून दाखविली होती, तेथेच असे घडावे, हे सामाजिक सलोख्याचे काम किती अपुरे राहिले होते याचे द्योतक आहे.

वारसा : प्रतिसरकारमधील कार्यकर्ते स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राजकीय मार्गांनी गेले. नाना पाटील प्रथम शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात काम करू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते अग्रभागी होते. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून आले. यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकीर्दीत १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम होऊन १९६२ पासून राज्यात पंचायत राज्य अमलात आले. वसंतदादा पाटील यांनी सांगली येथे सहकारी साखर कारखाना उभारला व पुढे राज्याचे मुख्यमंत्रिपदही भूषविले. किसन वीर यांचे नाव वाई तालुक्यातील भुईंज येथील साखर कारखान्यास देण्यात आले. नागनाथ नायकवडी यांनी वाळवा येथे हुतात्मा किसन अहीर यांच्या नावाने, तर जी. डी. लाड यांनी कुंडल येथे ‘क्रांती’ या नावाने सहकारी साखर कारखाना काढला. दुष्काळी भागाला कृष्णेचे पाणी मिळावे, यासाठी झालेल्या आंदोलनांतही नायकवडी व लाड यांचा पुढाकार होता.

गावाने एकत्र बसून आपले प्रश्न सोडवावेत, ही सवय आणि तीतून निर्माण झालेला कार्यकर्त्यांचा संच यांचा सहकाराच्या वाढीस आधार मिळाला. त्याचबरोबर प्रतिसरकारच्या काळातील एक प्रश्नही सहकारी संस्थांना व पंचायत राज्यास वारशाने मिळाला. सत्ता गावापर्यंत पोहोचली, तरी गावातील सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत ती पोहोचावी कशी, हा तो प्रश्न होय. १९४३–४६ मध्ये तो पंचांच्या सद्‌सद्विवेकावर सोपविलेला होता. स्वतंत्र भारतात प्रौढ मताधिकार, राखीव जागा, लिखित कायदा व अपिलाचा हक्क यांच्या द्वारा त्याचे उत्तर शोधण्यात येत आहे.